माठ भरलेला, मजूर तहानलेला

कारखान्यात २५० हून अधिक कामगार असतील, तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून पुरवावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. त्याहून लहान कारखान्यांत पाणी असणे पुरेसे. ते तापलेले असले तरी चालेल! १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या जागीही पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह बंधनकारक केले. तथापि माठ भरलेला असूनही मजूर तहानलेला का राहतो, हा प्रश्न उष्माघाताच्या चर्चेत मला क्वचितच आढळतो.

भर उन्हात राबणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. वीटभट्टीवर मात्र मजुरी हजार विटांमागे ठरते. पाण्यासाठी उठणे म्हणजे तेवढ्या विटा गमावणे. आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया तर मुद्दामच कमी पाणी पितात.

मे २०१० मधील भीषण उष्म्यानंतर, २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे अनेक शहरांनी तो गिरवला. दुपारी काम टाळावे, हा अशा आराखड्यांतील सल्ला रास्तच आहे. परंतु त्या तासांची मजुरी कोणी द्यायची? माझ्या मते सावलीतील विश्रांती कामाच्या वेळेतच गणली जावी आणि तिचा खर्च कंत्राटाच्या दरात धरला जावा. आरंभ सरकारी बांधकामांपासून करता येईल. तेथील निविदेच्या अटी सरकारच लिहिते.