‘रोज चालत जा’ म्हणजे किती?

सांगलीकडच्या कुठल्याही फिजिओथेरपी ओपीडीत हा संवाद कानावर पडतो. विद्यार्थिनी सांगते, “आजी, रोज व्यायाम करायचा.” आजी म्हणतात, “पोरी, दिसभर रानात भांगलण करते. आणिक कसला व्यायाम?”

कृष्णाकाठी व्यायाम म्हणजे तालीम. कराडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, तो हा मुलूख. जोर-बैठका पैलवानांनी माराव्यात, गुडघे दुखणाऱ्या बाईचा त्यात काय संबंध, असंच इथल्या घराघरांत वाटतं.

अशा वेळी चांगली विद्यार्थिनी वाद घालत नाही. टॉवेलची गुंडाळी आजींच्या गुडघ्याखाली ठेवते, “खाली दाबा” म्हणते, मांडीचा स्नायू आवळला की त्यावर आजींचाच हात ठेवते. पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. भांगलताना उकिडवं बसून गुडघ्यावर ताण येतो, मांडीत मात्र हवी तशी ताकद येत नाही, हे आजींना हाताखालीच कळतं.

हे जमायला स्वतःचं शरीर वापरलेलं असावं लागतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. नियमित व्यायाम करणाऱ्यांना रुग्णाशी त्याबद्दल बोलणं अधिक महत्त्वाचं वाटत होतं, आणि शिक्षणाची वर्षं सरता सरता एकूण विद्यार्थ्यांचा असं बोलण्याचा उत्साह ओसरत होता. आपल्याकडेही नाइट ड्यूटी, जर्नल आणि परीक्षा आली की पहिली काट व्यायामालाच बसते. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढणारी पोलीस भरतीची पोरं सहज दिसतात. एप्रन घालणारी शोधावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम. ही खूण आजीही लक्षात ठेवतील. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआरच्या २०१४ च्या अहवालात निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. त्यांना नुसतं ‘चालत जा’ सांगून भागणार नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवादकौशल्य आलं, पुढे गावातली कुटुंबं दत्तक घेणंही आलं. म्हणजे बोलायची जागा आहे. मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या महाविद्यालयांनी आता दोन गोष्टी कराव्यात: वेळापत्रकात व्यायामाचा तास राखावा, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला अशाच एखाद्या आजीला मराठीत व्यायाम समजावून सांगायला लावावा.