टायरची साइज बदलली, पैसे वाचले का?

२००९ साली रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोची पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापांची होती. पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. गाडी स्वस्त व्हावी म्हणून तिच्या अभियंत्यांनी पै-पैचा हिशेब केला होता. चाक धरून ठेवायला चारऐवजी तीनच नट वापरले, इंजिन दोन सिलिंडरचे घेतले. चारही चाकांना एकच अरुंद टायर दिला असता तर खर्च आणखी उतरला असता. तो मोह मात्र त्यांनी टाळला, कारण नॅनोचे इंजिन मागे होते. गाडीचा जास्त भार मागच्या चाकांवर आणि रेटाही तिथूनच. अशी गाडी वळणावर वेगात घेतली की तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका असतो. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असले की आधी पुढच्या चाकांची पकड सैल होते, गाडी वळण थोडे मोठे घेते आणि चालक वेग कमी करून तिला सावरू शकतो. पोर्शे ९११ या महागड्या गाडीचे मागचे टायर रुंद असतात, त्यामागेही हेच गणित आहे.

म्हणजे टायरच्या मापातून पैसे वाचतात, हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते. कुठे थांबायचे, हे त्यांनी मोजून ठरवलेले असते. गाडीमालकाला हाच प्रश्न टायर गुळगुळीत झाल्यावर पडतो. चार टायरचे बिल ऐकले की ‘याच रिमवर थोडा लहान टायर बसेल, स्वस्तात काम होईल,’ असा सल्ला दुकानात सहज मिळतो. तो घ्यावा की नाही, याचे उत्तर टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांतच दडलेले असते.

उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ८८ हा भारांक आहे. तक्त्यात पाहिले तर हा टायर ५६० किलो भार पेलतो. शेवटचा ‘एच’ सांगतो, की हा टायर ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवला आहे.

रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्यात बाजूची उंची दोनदा मिळवली की टायरचा पूर्ण व्यास मिळतो. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना अनेक वर्षे १६५/८० आर १४ टायर येत, तर वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एक इंचाने वाढली, रुंदी २० मिलिमीटरने वाढली, तरी पूर्ण व्यासातला फरक ०.३ टक्के. कागदी हिशेबाने एका किलोमीटरला पहिले चाक सुमारे ५१४ फेरे घेते, दुसरे ५१२. गियर, स्पीडोमीटर आणि ब्रेक यांच्या दृष्टीने दोन्ही चाके जवळपास सारखीच.

आता समजा, १५ इंची रिम असलेल्या स्विफ्टच्या मालकाला १७५/६० आर १५ टायरचा संच स्वस्तात मिळाला. ह्युंदाईच्या ग्रँड आय१० निऑसला हे माप येते, त्यामुळे ते बाजारात सहज सापडते. रिमवर हा टायर चढतोही. पण त्याचा व्यास ५९१ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळपास पाच टक्क्यांनी कमी. गाडी १५ मिलिमीटर खाली बसते. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आणि खड्ड्यांत एवढा फरक पुरेसा जाणवतो.

खरी गंमत पुढे आहे. लहान चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेते आणि गाडी अंतर मोजते ते फेऱ्यांवरून. प्रत्यक्षात १०,००० किलोमीटर चाललेल्या या गाडीचे मीटर सुमारे १०,५०० दाखवेल. आधी लिटरला २० किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी आता २१ देते आहे, असे मालकाला वाटेल. पेट्रोल तेवढेच जळलेले असते, वाढलेले असतात ते मीटरवरचे किलोमीटर. उलट, त्याच वेगाने जायला इंजिनाला पाच टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात. सर्व्हिसिंगची मुदत लवकर येते आणि गाडी विकताना ती प्रत्यक्षाहून जास्त चाललेली दिसते. साइज बदलून ॲव्हरेज वाढल्याचे अनेक अनुभव मीटरच्या या चुकीतून जन्मतात.

भाराचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. १७५/६० आर १५ टायरचा नेहमीचा भारांक ८१, म्हणजे ४६२ किलो. प्रत्येक चाकामागे जवळपास शंभर किलोंची क्षमता गेली. चारही टायरची बेरीज गाडीच्या एकूण वजनापेक्षा अजूनही जास्त भरते, हे खरे. पण भार चारही चाकांवर सारखा कधीच नसतो. पाच माणसे, भरलेली डिकी, उतारावर मारलेला ब्रेक, खड्ड्यात आदळलेले पुढचे चाक अशा वेळी एकेका टायरवर येणारा भार झपाट्याने वाढतो. ती राखीव क्षमता अशाच क्षणांसाठी ठेवलेली असते. क्षमतेच्या जवळ चालणारा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि टायर फुटण्याचे एक मोठे कारण उष्णता हेच आहे.

उलट दिशेनेही चूक होते. नॅनोचे टायर शोधणाऱ्याला जुन्या अल्टोचा १४५/८० आर १२ टायर खुणावतो, कारण दोन्हींची रिम १२ इंची. पण त्याचा व्यास ५३६.८ मिलिमीटर आहे. नॅनोच्या पुढच्या टायरपेक्षा तो ४३ मिलिमीटरने मोठा, मागच्यापेक्षा सुमारे ३० मिलिमीटरने. चाक वळवताना तो चाकाच्या कमानीला घासू शकतो. शिवाय पुढे-मागे एकच रुंदी आली, की अभियंत्यांनी मुद्दाम साधलेला तोल गेला.

मोठे चाक लावले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवता कामा नये; जास्त दाखवायची मुभा आहे, तीही दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढीच. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढे ठेवतात. व्यास तीन टक्क्यांनी वाढवला की ही राखीव जागा खर्ची पडते. काटा आधी अगदी अचूक असेल, तर समृद्धी महामार्गावर तो १२० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १२४ च्या आसपास धावते. वेग मोजणारा कॅमेरा खरा वेग पाहतो. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा टायरच्या धंद्यातला ढोबळ नियम यातूनच आलेला आहे.

पैसे वाचवायला दोनच टायर वेगळ्या मापाचे टाकले, तर आणखी एक अडचण येते. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्रपणे मोजते आणि एखादे चाक इतरांपेक्षा वेगळे फिरू लागले की ते घसरते आहे, असे समजते. चाकांच्या फेऱ्यांवरून हवेचा दाब ओळखणारी यंत्रणाही मापातल्या फरकाने चुकीचा इशारा देऊ शकते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर असमान टायरमुळे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे भाग सतत ताणाखाली राहतात आणि त्यांची दुरुस्ती चार टायरहून महाग पडू शकते.

मग अरुंद टायरने पेट्रोल वाचते, हे खोटे का? पूर्ण खोटे नाही. हजार किलोंच्या गाडीत प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. हवा ३३ पीएसआय असेल तर टायर रस्त्याला साधारण ११० चौरस सेंटीमीटर एवढाच टेकतो, जेमतेम तळहाताएवढा. हे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. रुंद टायरचा ठसा आखूड आणि पसरट होतो, अरुंद टायरचा लांबट. चाक फिरताना त्या ठिकाणचे रबर दबते आणि पुन्हा फुगते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. मोटारीच्या इंधनातला साधारण पाचवा हिस्सा यात खर्च होतो, असा टायर उद्योगाचा अंदाज आहे. म्हणजे चाकाच्या फिरण्याला होणारा हा विरोध दहा टक्क्यांनी घटला तर इंधन सुमारे दोन टक्के वाचते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या आणि लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीत ही बचत तेरा लिटरच्या आसपास भरते.

मात्र हा विरोध केवळ रुंदीने ठरत नाही. टायरचा व्यास, हवेचा दाब आणि रबराचे मिश्रण यांचा त्यात मोठा वाटा असतो. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय३ ही विजेवरची गाडी आणली, तेव्हा ब्रिजस्टोनने तिच्यासाठी १५५/७० आर १९ असा उंच आणि अरुंद टायर खास बनवला. मोठ्या व्यासाचे चाक कमी वाकते आणि अरुंद टायर वारा कमी अडवतो. पण ती गाडीच त्या चाकांभोवती बेतलेली होती. बाजारातल्या गाडीची रुंदी कमी करून तेवढा फायदा मिळत नाही.

रिम वाढवण्याचा तोटा मात्र नीट मोजलेला आहे. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ इंचांपासून १९ इंचांपर्यंतची चाके लावून चाचण्या घेतल्या. सर्वांत मोठ्या चाकांवर इंधनक्षमता दहा टक्क्यांनी घसरली आणि गाडी वेग घ्यायलाही मंदावली. जड आणि रुंद चाकांची किंमत पेट्रोलमधूनही मोजावी लागते, हे त्यातून दिसले.

साइज बदलून रास्त बचत करायची असेल, तर वाट इथूनच निघते. आपल्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी जे माप देते, ते रिमसकट घ्यायचे. इनोव्हा क्रिस्टाच्या वरच्या मॉडेलला २१५/५५ आर १७ टायर येतात, खालच्यांना २०५/६५ आर १६. व्यासातला फरक पाऊण टक्क्याहून कमी. लहान रिमचा टायर सहसा स्वस्त असतो, त्याची उंच बाजू खड्ड्यांचे धक्के जास्त पचवते आणि रिम वाकण्याची शक्यता घटते. जर्मनीत अनेक गाडीमालक हिवाळ्यासाठी लहान रिमवरचा अरुंद टायरचा वेगळा संच ठेवतात. गाडीच्या कागदपत्रांत मंजूर मापे नोंदलेली असतात आणि निवड त्यांतूनच होते. आपल्याकडे कंपनीचे माहितीपुस्तक आणि चालकाच्या दरवाज्याजवळच्या खांबावरचे स्टिकर हे काम करतात. फक्त वरच्या मॉडेलला मोठ्या डिस्कचे ब्रेक असतील, तर लहान रिम त्यावर बसत नाही. हे आधी तपासावे.

याखेरीज झालेला बदल कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात चुकीच्या मापाचा टायर हा वादाचा मुद्दा होऊ शकतो.

माप न बदलता वाचणारे पैसेही थोडे नाहीत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार चारही टायरची हवा सरासरी एक पीएसआयने उतरली, की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. हवा दहा पीएसआय कमी असेल तर दोन टक्के इंधन वाया जाते. वर पाहिलेली तेरा लिटरची बचत एवढ्याने पुसली जाते आणि टायरच्या कडाही लवकर झिजतात. रबराच्या मिश्रणात मिशेलिनने १९९२ पासून कार्बन ब्लॅकऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका आणली. त्यामुळे रस्त्याचा विरोध कमी करताना ओल्या रस्त्यावरची पकड टिकवता येऊ लागली. भारतात एआयएस-१४२ या मानकाने विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींना मर्यादा घातल्या असून ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना ते लागू झाले. कोकणात किंवा मुंबईत चार महिने पावसात गाडी चालवणाऱ्याने किमतीआधी ओल्या रस्त्यावरची पकड विचारली पाहिजे.

दुकानात टायर रिमवर चढण्यापूर्वी तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: भारांक मूळ टायरइतका किंवा जास्त आहे ना, आयएसआय चिन्ह आहे ना, आणि बाजूवरचा चार आकडी निर्मिती-क्रमांक काय सांगतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नव्या मापावर गेल्यानंतर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा मोबाइलच्या जीपीएसवर निदान २० किलोमीटर अंतर मोजावे आणि मीटर किती दाखवतो ते पाहावे. मीटर २१ दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक टाकीचे ॲव्हरेज काढताना मीटरवरच्या अंतरातून जवळपास पाच टक्के वजा करावे लागतील. टायरची किंमतही त्याच खऱ्या किलोमीटरांनी भागावी. कोणता संच स्वस्त पडला, ते मग वहीतल्या आकड्यांवरून कळेल.