दोन महिने उभी राहिलेली गाडी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढे दिवस एडवणला आमच्या ओट्यालगत वडिलांची जुनी मोटारसायकलही उभीच असते. ऑगस्ट उजाडला की पहाटे आईला पाट्यांसह सफाळे स्टेशनवर सोडायचे. लोकल चुकली तर मासळीचा भाव गेला. यंदा गाडी चोक ओढल्याशिवाय चालेना. मी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवला आणि बिघाड वाढवून ठेवला!

नाक्यावरच्या मेकॅनिकने उघडून दाखवले तेव्हा कळले. कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे डिंकासारखा चिकटा राहतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते. हवा जास्त, पेट्रोल कमी; प्लगचे टोक पांढरे पडते. (काळी काजळी असेल तर उलटे समजावे व आधी एअर फिल्टर पाहावा.) जेट पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावा. तार मुळीच घालू नये, छिद्र मोठे होते. मग इंजिन गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत, आवाज सर्वांत चढेल तिथे ठेवावा. आयडलिंग त्यानंतर उतरवावे.

येत्या ३१ मेला मी पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवणार आहे.