नाण्यांची पारख : लेखांक सातवा – मॉर्गन डॉलर आणि हिंदुस्थानची चांदी

गेल्या लेखांकात आपण तेवरच्या, म्हणजे प्राचीन त्रिपुरीच्या, कलचुरी नरेश गांगेयदेवाच्या सुवर्णमुद्रेचा विचार केला. एका अंगास तीन ओळींत राजाचे नाव आणि दुसऱ्या अंगास आसनस्थ चतुर्भुज लक्ष्मी असलेली ही मुद्रा सुमारे हजार वर्षांची असूनही, ती विपुल उपलब्ध असल्यामुळे, १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेल्या अमेरिकेच्या चांदीच्या ‘मॉर्गन’ डॉलरपेक्षा लिलावात पुष्कळच कमी मोलास जाते. नाण्याचे मूल्य त्याच्या वयावर ठरते हा समज आपल्या संग्राहकांत इतका रुजला आहे, की परदेशी नाण्यावर बोली लावताना त्यांचे सर्वाधिक नुकसान याच समजामुळे होते. मूल्य ठरते ते दोन गोष्टींवर : त्या साली व त्या टांकसाळीत पडलेली किती नाणी आज शिल्लक आहेत, आणि हाती आलेले नाणे कोणत्या अवस्थेत आहे.

पहिल्या गोष्टीचा उलगडा करण्यासाठी मॉर्गन डॉलरइतका उद्बोधक नमुना दुसरा नाही, आणि त्याच्या इतिहासात आपल्या देशाचा फार मोठा वाटा आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडलेल्या या डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात नऊशे कसाची चांदी असे. लोक ते जड नाणे खिशात बाळगण्यास नाखूश असल्यामुळे कोट्यवधी डॉलर हजार-हजारांच्या थैल्यांत भरून सरकारी खजिन्यात पडून राहिले. पुढे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल व रसद यांचा प्रचंड पुरवठा होऊ लागला, त्याची भरपाई रुपयांत करावी लागली, चांदीचे भाव चढले, नोटा घेऊन रुपये मागणाऱ्यांची सरकारी कचेऱ्यांवर रीघ लागली, आणि १९१७च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढूनही १९१८च्या वसंतात खजिन्यातील रुपयांचा साठा तळास गेला. त्या वेळी नेव्हाडाचे सिनेटर पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत मंजूर झाला, आणि त्या अन्वये सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी सुमारे सव्वीस कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी विकली गेली. एका डॉलरात ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी आणि आपल्या रुपयात १६५ ग्रेन, म्हणजे एका डॉलरच्या चांदीतून बरोबर सव्वादोन रुपये पडत. ते पाडणाऱ्या मुंबई व कलकत्ता या दोन टांकसाळींच्या शहरांस जोडणारा लोहमार्ग १८७० साली आपल्या जबलपुरातच सांधला गेला होता, हे येथल्या वाचकांस सांगावयास नकोच.

संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की वितळविताना कोणत्या साली व कोणत्या टांकसाळीत पडलेले डॉलर भट्टीत गेले याचा तपशील कोणत्याही दफ्तरात नोंदविला गेला नाही. त्यामुळे टांकसाळीच्या हिशेबात लक्षावधी दिसणारे नाणे प्रत्यक्षात दुर्मिळ असू शकते. याउलट दुर्मिळ मानलेले नाणे अकस्मात सुलभही होते. न्यू ऑर्लिन्सच्या १९०३च्या डॉलरचे असेच झाले. कित्येक दशके तो मोठ्या किमतीस जाई. १९६२च्या अखेरीस खजिन्यातील मोहोरबंद थैल्या बाहेर आल्या आणि त्याचे मोल कोसळले. म्हणून सूचीतील ‘किती पाडली’ हा आकडा पाहून बोली लावणे मला धोक्याचे वाटते. आज किती नाणी आढळतात याचाच शोध आधी घ्यावा.

आता अवस्था. अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अंकांची जी श्रेणी मांडली, तीच आज सर्व नाण्यांस लावतात. साठ व त्यावरील अंक चलनात न फिरलेल्या नाण्याचा. मॉर्गन डॉलरवर झीज प्रथम दिसते ती पुढील अंगावरील स्वातंत्र्यदेवीच्या कानावरील केसांवर आणि मागील अंगास गरुडाच्या छातीवर. परंतु येथेच नवशिका फसतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत ठसा पुष्कळदा हलका बसे, त्यामुळे कधीही न फिरलेल्या नाण्यावरही ते केस सपाट असतात. भेद ओळखावयाचा तो झळाळीवरून : एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करीत फिरविले असता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे प्रकाशाचे पट्टे त्या सपाट जागेवरूनही अखंड फिरत असतील, तर दोष ठशाचा, तेथे पट्टा तुटून राखी छटा दिसली, तर झीज. गालावरील बारीक खोचे थैलीत नाण्यावर नाणे आदळल्याने पडलेले असतात. त्यांनी श्रेणी साठाच्या वर असूनही खालच्या अंकांत राहते, पण नाणे फिरलेले ठरत नाही. ही झळाळी छायाचित्रात उतरत नाही, यास्तव लिलावाच्या सूचीतील सुंदर चित्रावर भिस्त ठेवू नये आणि शक्य असेल तेथे नाणे प्रत्यक्ष पाहण्याच्या दिवशी हजर राहावे.

बनावटीविषयी थोडक्यात सांगतो. तराजू, व्यासाचे माप आणि लोहचुंबक यांनी ढोबळ नकला उघड्या पडतात; पण खरी फसवणूक अस्सल नाण्यावरच होते, कारण स्वस्त डॉलरवर टांकसाळीचे अक्षर चिकटविले की तो महाग होतो. १८९३च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरवरील ‘एस’ हे अक्षर म्हणूनच भिंगाखाली पाहावे. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या संस्थांच्या मोहोरबंद डब्यातील नाणे घेताना डब्यावरचा क्रमांक त्यांच्या नोंदींशी ताडून पाहावा. डब्यांच्याही नकला होतात.

आणि शेवटी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण तिच्यामुळे होणारी हानी कधीही भरून येत नाही. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या आधी चांदीची नाणी चिंच किंवा राख लावून घासण्याची रीत आहे; ती पूजेच्या नाण्यांपुरती उत्तम, परंतु संग्रहातील नाण्यास असा एकच हात लागला की वरची झळाळी कायमची जाते, बारीक ओरखडे राहतात आणि परीक्षक त्या नाण्यास अंक न देता ‘घासलेले’ असा शेरा मारतात. कमानिया दरवाज्याजवळच्या सराफ्यात त्याचे चांदीच्या वजनाइतके मोल येईल, लिलावात मात्र फार थोडे. तेव्हा पूजेची नाणी निराळी काढून ठेवा, आणि संग्रहातील नाणे कितीही काळवंडले तरी कडेने धरा, घासू नका.