काळीत पेरा, पांढरीत राहा

वैशाखात वऱ्हाडातल्या दर्यापूर-अकोटकडच्या शेतात पाय जपून टाकावा लागतो. भेगा अशा, की हात कोपरापर्यंत आत जावा. या काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीचे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, उन्हाने आकसतात. वरची भुगी भेगांत पडते आणि पावसात खालची माती वर ढकलली जाते. रान असं आपोआप उलथतं, म्हणून नांगराविना नुसत्या वखराच्या पाळ्यांवरही इथे पेरण्या होत आल्या.

पण हरभऱ्याला थंडीभर ओल पुरवणारी ही माती भिंत काही टिकू देत नाही. पाया दरसाल हलतो. म्हणून पीक काळीत, घर पांढरीत. ही पांढर, म्हणजे गावठाणाची पांढुरकी माती, बरीचशी माणसानेच केलेली: पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं, सगळं थरावर थर साचून. पुरातत्त्वाचे लोक जुनं गाव शोधताना आधी असं पांढुरकं टेकाड बघतात.

लोखंडी फाळाशिवाय दख्खनची भारी काळी जमीन कसता आली नसती, असं इतिहासकार दामोदर कोसंबींचं म्हणणं होतं. पण चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला 1984-85 मध्ये खोदकाम झालं, तेव्हा लोखंडाच्या आधीची, ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. सोबत जळून कोळसा झालेले दाणे. कोळशाला जिवाणू खात नाहीत, म्हणूनच ते तीनेक हजार वर्षं टिकले. तरी कोसंबी निम्मे बरोबर असावेत. नदीकाठची भुसभुशीत गाळाची पट्टी हलक्या अवजारांनीही कसता येते. आतलं खोल, कुंदा गवताने भरलेलं रान मोडायला लोखंडच हवं. त्याच तालुक्यातल्या फुपगावला पूर्णा नदीच्या वळणावर इसवी सनापूर्वी 7व्या ते 4थ्या शतकातली लोहयुगीन वस्ती मिळाली. गोल झोपड्यांच्या खांबांचे खड्डे अजून ओळखू येतात.

नदी सोडून दूर जावं, तर पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आडवा येतो. अमरावती, अकोला, बुलढाण्यातले साडेचार लाखांहून अधिक हेक्टर. विहीर खोदली तरी पाणी खारंच. तिथलं शेत पावसावर आणि प्यायचं पाणी नदी-तळ्यावर.

त्या खारेपणाचाही उपयोग वऱ्हाडाने केला. सोडियम जास्त असलेली चिकणमाती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात. पीक अशा जमिनीत गुदमरतं. पण धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर पावसाळ्याआधी घालतात ती खारी माती नेमकी त्यामुळेच छत गळू देत नाही.