चिंताविकार आणि प्राथमिक आरोग्यकेंद्र : गोव्यातील एका प्रयोगाचा विचार

चिंताविकाराचा रुग्ण ‘मला चिंता वाटते’ असे सांगत वैद्याकडे क्वचितच येतो. छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, झोप लागत नाही, डोके जड राहते, अशा शारीरिक तक्रारींच्या रूपानेच हा विकार प्राथमिक आरोग्यकेंद्राची पायरी चढतो, आणि बहुधा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जातो. याचे खापर सर्वस्वी वैद्याच्या अज्ञानावर फोडणे न्याय्य नव्हे. रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या दोनचार मिनिटांत थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव, रक्तक्षय, हृदयाच्या लयीतील बिघाड यांची शक्यता पडताळून मग मनाकडे वळावयाचे, हे काम सोपे नाही.

तथापि निदान झाले म्हणजे उपचार झाला, असेही नाही. या दृष्टीने २००७ ते २००९ या काळात गोव्यात झालेला ‘मानस’ हा प्रयोग विचारार्ह आहे. डॉ. विक्रम पटेल व ‘संगाथ’ संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने यांतील २७९६ रुग्णांचा त्यात समावेश केला. निम्म्या ठिकाणी चाळणी-प्रश्नावलीचा निष्कर्ष वैद्याच्या हाती देण्यात आला. उरलेल्या निम्म्या ठिकाणी दोन महिन्यांचे शिक्षण घेतलेली एक स्थानिक समुपदेशक नेमली गेली. वैद्यकाची पदवी तिच्यापाशी नव्हती. विकाराचे स्वरूप समजावून सांगणे व श्वसनाचे व्यायाम ही पहिली पायरी. तेवढ्याने भागले नाही तर वैद्याकडून फ्लुओक्सेटिन किंवा समुपदेशकाकडून मानसोपचार, आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ, असा क्रम होता.

२०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशकाच्या साहाय्याने ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, तिच्यावाचून ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र हे प्रमाण अनुक्रमे ६४.१ व ६५.९ टक्के, म्हणजे जवळजवळ समानच राहिले. ओळखीचा, सवडीने ऐकून घेणारा कुटुंबवैद्य समुपदेशकाचे काम नकळत करीतच असावा, असे अनुमान येथे काढता येते. ते सिद्ध झाले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. शिवाय हे आकडे अवसाद व चिंता या दोहोंचे मिळून आहेत. एकट्या चिंताविकारास ते जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

समुपदेशकाची गरज औषधयोजनेच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे तासाभरात आराम देतात, म्हणूनच ती सुटत नाहीत; काही आठवड्यांच्या सलग सेवनानेही शरीर त्यांच्या अधीन होऊ लागते. उलट फ्लुओक्सेटिनच्या वर्गातील औषधांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि प्रारंभीच्या दिवसांत अस्वस्थता वाढूही शकते. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर ‘औषध बाधले’ असे समजून रुग्ण ते चौथ्या दिवशीच टाकून देतो, आणि केंद्रात पुन्हा फिरकत नाही. गोव्यातील योजनेत औषध नियमित घेतले जाते की नाही, यावर लक्ष ठेवण्याचे कामही म्हणूनच समुपदेशकाकडे सोपविलेले होते.