मुंबईची रीत, कोलकात्याची साडी

कोलकात्याच्या मैदानातून, फोर्ट विल्यमच्या पूर्वेला, एक सरळसोट रुंद रस्ता जातो. त्याचं नाव रेड रोड. दुसऱ्या महायुद्धात त्याची धावपट्टी केली होती. 2016 पासून दुर्गापूजा संपली की याच रस्त्यावर शहरातल्या निवडक मंडळांच्या मूर्तींची सरकारी मिरवणूक निघते. मूर्तींपुढे बायकांचे ताफेच्या ताफे चालतात. अंगावर पांढऱ्या, लाल काठाच्या साड्या, दोन्ही बाजूंना पाहुणे आणि कॅमेरे. शेजारच्या किल्ल्यात लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. हा किल्ला आता आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाच्या नावाने ओळखला जातो आणि पूर्वीच्या सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट म्हणतात.

रेड कार्पेट म्हटलं की आपल्याला कान किंवा न्यूयॉर्क आठवतं. पण साडी नेसून परक्या नजरांसमोर उभं राहायचं, चालायचं, हात जोडायचे किंवा हात मिळवायचा, आणि तरी साडी जागची हलू द्यायची नाही, हे कोडं ज्या शहरांनी आधी सोडवलं त्यांत हे शहर आहे. त्याचं अर्धं उत्तर मुंबईहून आलं होतं.

उत्तर आणणारी बाई म्हणजे ज्ञानदानंदिनी देवी, रवींद्रनाथांची वहिनी. तिचे यजमान सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पुढे साताऱ्याला ते न्यायाधीश होते आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. पण 1864 साली प्रश्न अगदी साधा होता: बायकोने घराबाहेर पडायचं ते काय घालून? बंगाली घरांतल्या बायका तेव्हा अंगाभोवती एकच कापड गुंडाळत. आत परकर नाही, वर पोलकं नाही. माजघरात ते चालत होतं, कारण तिथे परका पुरुष येतच नसे. मुंबईला जाणाऱ्या आगबोटीवर ते चालणार नव्हतं. कोलकात्यातल्या एका फ्रेंच शिंप्याकडून तिच्यासाठी पौर्वात्य म्हणून एक पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड निघाला की नवऱ्याच्या मदतीशिवाय तिला तो चढवता येईना.

मुंबईत हे जोडपं माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहिलं. त्या घरच्या मुली साडी नेसत, पण आत परकर, वर पोलकं, आणि साडी चापूनचोपून बसवलेली. ज्ञानदानंदिनीने ते शिकून घेतलं आणि एक बदल केला. पारशी बायकांचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तिने तो पुढून डाव्या खांद्यावर टाकून पाठीवर सोडला. असं का, याचं उत्तर म्हणून सांगतात की उजवा हात मोकळा हवा होता. नमस्कार करायला, पेला धरायला, कुणाशी हस्तांदोलन करायला.

या एका बदलावर मी थांबते, कारण पोशाखाची फॅशन नेमकी कशी घडते हे त्यात दिसतं. आधी सौंदर्य ठरतं आणि मग वापर, असं सहसा होत नाही. आधी शरीराला काय करायचं आहे ते ठरतं, कापड त्याच्या मागून येतं. बसायची जागा चटईवरून खुर्चीवर गेली की निऱ्या पुढे येतात. पायात बूट आला की साडीची खालची कड वर जाते.

1866 साली ही नेसण ज्ञानदानंदिनी व्हाइसरॉयच्या मेजवानीला घेऊन गेली. जागा होती गव्हर्न्मेंट हाउस, म्हणजे आजचं राज्यपालांचं निवासस्थान, त्याच मैदानाच्या उत्तर टोकाला. व्हाइसरॉय होते सर जॉन लॉरेन्स. ठाकूर घराण्यातले वडीलधारे प्रसन्नकुमार तिथे हजर होते आणि घरची सून असल्या जागी पाहून ते तिथून निघून गेले, असं सांगतात. पुढे 'बामाबोधिनी पत्रिका' या बायकांच्या मासिकात तिने जाहिरात देऊन ही नेसण शिकवायची तयारी दाखवली. ब्राह्मसमाजी घरांनी ती उचलली, म्हणून तिला ब्राह्मिका साडी म्हणत. पण दुसरं नाव मला जास्त आवडतं: बोंबाई दस्तुर, म्हणजे मुंबईची रीत. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धाकाने ज्या शहराने स्वतःभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता, त्या शहराने सव्वाशे वर्षांनी मुंबईची रीत आनंदाने अंगावर घेतली.

आता ती नेसण काम कशी करते ते पाहू. आपण रोज नेसतो किंवा आईला नेसताना पाहतो, म्हणून त्यातली युक्ती ध्यानात येत नाही.

सगळा भार परकराच्या नाडीवर असतो. साडी शरीरावर टिकत नाही, ती नाडीवर टांगलेली असते. म्हणून नाडी कंबरेच्या हाडाच्या जरा वर, घट्ट हवी. ती सैल असेल तर पुढचं सगळं वाया. उजव्या कुशीपासून साडी खोचत एक पूर्ण फेरा घ्यायचा. मग निऱ्या आधी नाही, पदर आधी मापून घ्यायचा. पदर डाव्या खांद्यावरून मागे गुडघ्यापर्यंत येईल एवढा सोडला की मध्ये जे कापड उरतं त्याच्या निऱ्या होतात, साधारण पाच ते सात. त्यांची तोंडं डावीकडे ठेवून बेंबीखाली खोचायच्या. निऱ्या म्हणजे साठवलेलं कापड आहे. पाऊल पुढे टाकलं की त्या उघडतात, थांबलं की मिटतात. निऱ्या नसत्या तर सहा वार कापडात धड पाऊलही टाकता आलं नसतं. खालच्या कडेला आपण फॉल लावतो तो नुसता काठ झिजू नये म्हणून नव्हे. त्याच्या वजनाने निऱ्या सरळ खाली पडतात.

आपल्या नऊवारीने हेच कोडं निराळ्या तऱ्हेने सोडवलं होतं. तिथे परकर लागतच नाही. 9 वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि त्यातलाच भाग पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा. आतलं वस्त्र आणि बाहेरचं वस्त्र एकच. शेतात वाकायला, घोड्यावर बसायला तिच्याइतकी सोयीची साडी नाही. बंगालचं जुनं आटपौरे, म्हणजे रोजच्या वापराचं नेसणं, याच्या अगदी उलट: निऱ्या जवळजवळ नाहीत, पदर अंगाभोवती फिरून पुन्हा खांद्यावर, त्याच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्यांच्या वजनाने पदर जागेवर राहतो. एका प्रांताने लांबी वाढवून आब राखली, तर दुसऱ्याने घराचा उंबरा न ओलांडून. बोंबाई दस्तुराने थर वाढवले, कापड सहा वारांवर ठेवलं आणि उंबरा ओलांडला. पुढे भारतभर पाचवारी-सहावारीचं जे नेसणं पसरलं, त्याच्या वाटेत ही एक मोठी पायरी होती.

नेसणं वर्षभर एकच. मग ऋतूची फॅशन कशात असते? कोलकात्यात ती रंगापेक्षा कापडाच्या वजनात असते.

पॅरिस, मिलान, लंडन, न्यूयॉर्कच्या फॅशन आठवड्यांत उन्हाळ्याचे कपडे आदल्या सप्टेंबरात दाखवतात आणि हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दुकानात येण्याच्या पाच-सहा महिने आधी. आपल्याकडे हे चक्र सण आणि लग्नसराई फिरवतात. कोलकात्यात चैत्र लागला की गरियाहाटच्या पदपथांवर चैत्र सेल सुरू होतो, पोइला बैशाखला नवं कापड अंगाला लागावं म्हणून. तेव्हा मान असतो तांताला. शांतिपूर, फुलिया, धनियाखाली इथल्या मागांवरचं हे बारीक सुती कापड. त्याला खळ असते, आणि तिथले विणकर पूर्वीपासून लाह्यांची खळ वापरत आले आहेत. खळीमुळे साडी ताठ राहून अंगाला चिकटत नाही. कापड आणि त्वचा यांच्यामध्ये हवा खेळते. कोलकात्याच्या मे महिन्यातला दमट उकाडा सोसायला याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही. खळीची साडी नेसायची तर निऱ्या ओढायच्या नाहीत, बोटांनी दाबत दाबत घालायच्या, नाहीतर पोटाशी फुगा येतो.

आषाढात मात्र तीच साडी हवेतली ओल शोषून लोळागोळा होते. मग चट वाळणाऱ्या जॉर्जेट-शिफॉनचे दिवस येतात. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

खरा हंगाम शरदाचा. पूजेच्या प्रत्येक दिवसाची साडी ठरलेली. अष्टमीच्या सकाळी अंजली वाहताना तांत किंवा गरद, संध्याकाळी रेशीम. दशमीला सिंदूर खेळताना पांढरी, लाल काठाची, आणि तीही बहुतेकदा जुन्या आटपौरे पद्धतीने. गरद म्हणजे मुर्शिदाबादकडचं न रंगवलेलं रेशीम. त्याचा पांढरा हा चुन्याचा पांढरा नाही, सायीचा आहे. लाल काठ त्याच्यावर जसा उठतो तसा रंगवलेल्या पांढऱ्यावर उठत नाही.

थंडीत जड कापड बाहेर निघतं. टसर, कांथाची धावदोऱ्याची भरतकामं, आणि विष्णुपूरची बालुचरी, जिच्या पदरावर रामायण-महाभारतातल्या माणसांच्या रांगा विणलेल्या असतात. ही कला मूळ मुर्शिदाबादच्या बालुचर गावची. ती लोपली होती. विसाव्या शतकाच्या मध्याला ठाकूर घराण्यातलेच शुभो ठाकूर यांच्या पुढाकाराने आणि अक्षयकुमार दास या विणकराच्या हातून विष्णुपुरात ती पुन्हा उभी राहिली. त्याच दिवसांत काश्मिरी शालवाले गठ्ठे घेऊन शहरात उतरतात. 16 डिसेंबरच्या विजय दिवसाला फोर्ट विल्यमच्या पूर्व दरवाजाजवळच्या विजय स्मारकावर पुष्पचक्रं वाहतात, तो शाल पांघरण्याचाच हंगाम. माघातल्या सरस्वतीपूजेला शाळकरी मुली वासंती पिवळी साडी नेसून बाहेर पडतात. कित्येकींची ती आयुष्यातली पहिली साडी असते.

आता रेड कार्पेट. तिथे शरीराला काय करायचं असतं? चार पावलं चालायचं, थांबायचं, वळायचं, स्तब्ध उभं राहायचं. बसायचं नाही, वाकायचं नाही, जिना आलाच तर दोन माणसं घोळ उचलायला असतात. त्यामुळे साडीचा सगळा हिशोब बदलतो. निऱ्या शिवून टाकतात, कारण पाऊल मोठं पडणारच नाही. खांद्यावर पिन असते तिथे आतून हुक आणि पट्टी येते. कापडाचा साठा पुढून काढून मागे नेतात, म्हणजे समोरून अंगकाठी सरळ दिसते आणि पाठीमागून जमिनीवर लोळता पदर.

2002 साली 'देवदास' कानला गेला तेव्हा ऐश्वर्या राय नीता लुल्लांची सोनेरी-पिवळी साडी नेसून उभी राहिली. तेव्हा साडी साडीसारखीच होती. 2022 साली न्यूयॉर्कच्या मेट गालाला पुण्याच्या नताशा पूनावालांनी कोलकात्याच्या सब्यसाची मुखर्जींची साडी नेसली, पण पोलक्याच्या जागी स्कियापरेली या फॅशनघराचं धातूचं कवच होतं. दीडशे वर्षांपूर्वी पोलकं हाच मोठा बदल होता. इथे त्या पोलक्याचंच चिलखत झालं. 2024 ला आलिया भट्टनेही सब्यसाचींचीच फिकी हिरवी, भरतकामाची साडी नेसली. मागचा घोळ 23 फुटांचा, आणि तिने सांगितल्याप्रमाणे 163 कारागिरांचे मिळून 1965 तास तिच्यात गेले. नऊवारी 27 फुटांची असते. म्हणजे आपल्या आज्या जवळपास तेवढंच कापड रोज अंगावर वागवून विहिरीचं पाणी काढत होत्या. फरक इतकाच की त्यांचं कापड जमिनीवर लोळत नव्हतं, कासोट्यात कामाला लागलेलं होतं.

मला शिवलेल्या साडीबद्दल राग नाही. परकराची साडी आली तेव्हा तीही अशीच तयार माल वाटली असणार. पण शिवलेली साडी दुसऱ्या बाईला सहजी होत नाही, तिच्या मापाची होऊन बसते. न शिवलेली आईची मुलीला होते, जाडीला होते, बारीकला होते. माझ्या लेखी साडीचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो कॅमेऱ्यात येत नाही.

कोलकात्याला शरदात गेलात तर मोठ्या दुकानांआधी फुलिया-शांतिपूरच्या मागांवर जा. साडी उलटी करून बघा. हातमागावरच्या जामदानीत, म्हणजे विणतानाच बुट्ट्या घातलेल्या साडीत, बुट्टीचा धागा बुट्टीपुरताच येतो, उलट्या बाजूला लांब लोंबणारे दोरे नसतात. घरी आणल्यावर तांत पहिल्यांदा सैंधव घातलेल्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि खळ पातळ द्या. पहिल्यांदा नेसताना घाई करू नका. ताठ कापड तीन-चार नेसण्यांनंतर अंगाचं होतं.